पावसाळ्यात न मरणारे सौर नोड : द्राक्षबागेतल्या लोरा जाळ्याचा ऊर्जेचा हिशेब

दवबिंदू (धागाकर्ता)

सौर पॅनेलवरचे लोरा नोड (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओने वाचनं पाठवणारे सेन्सरचे डबे) द्राक्षबागेत मे अखेरपर्यंत ठणठणीत चालतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकेक करून गप्प होतात. ही तक्रार निघाली की "पॅनेल मोठं लावा" हे उत्तर ठरलेलं असतं. पॅनेलला हात लावण्याआधी खर्चाची वही उघडू.

नेहमी दिसणारा संच असा : ईएसपी३२ चा डेव्हलपमेंट बोर्ड, एसएक्स१२७६ रेडिओ, टीपी४०५६ चार्जर, ३००० एमएएचचा (मिलीअँप-तासांचा) एक १८६५० सेल, ६ व्होल्ट १ वॉटचं पॅनेल, १२ व्होल्टवर चालणारा आरएस४८५ माती-ओलावा सेन्सर आणि एक लीफ वेटनेस (पान ओलं की कोरडं) सेन्सर. दर १५ मिनिटांनी १० बाइट पाठवायचे, म्हणजे दिवसाला ९६ पॅकेट.

आधी रेडिओ. १० बाइटांवर लोरावॅनचे (लोरावर चालणाऱ्या जाळ्याच्या नियमावलीचे) १३ बाइट चढतात, एकूण २३. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थवर हे पॅकेट हवेत किती वेळ राहतं (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; तो जितका मोठा तितकं पॅकेट लांब पोचतं, पण हवेत जास्त वेळ राहतं) :

एसएफ ७ : ६२ मिलिसेकंद
एसएफ ९ : २०६ मिलिसेकंद
एसएफ १० : ३७१ मिलिसेकंद
एसएफ १२ : १४८३ मिलिसेकंद

पूर्ण ताकदीला रेडिओ १२० मिलीअँप घेतो असं धरलं तर ९६ पॅकेटांचा दिवसाचा खर्च एसएफ ७ ला ०.२ एमएएच, एसएफ १० ला १.२ आणि एसएफ १२ ला ४.७५. सात आणि बारामध्ये चोवीसपट फरक आहे, पण सर्वांत वाईट आकडासुद्धा पाचाच्या आतच.

आता झोप. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपच्या आसपास घेते. बोर्ड तसं करत नाही. त्यावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलीअँप खातो, वर लाल एलईडी आणि यूएसबीची चिप. शिवाय या रेग्युलेटरला डोक्यावर व्होल्टभर जास्त लागतो, म्हणून लोक सेल आणि बोर्डाच्या मध्ये ५ व्होल्टचा बूस्ट (व्होल्टेज चढवणारं सर्किट) टाकतात. ५ व्होल्टवरचे ६ मिलीअँप सेलच्या बाजूने ९ होतात. नऊ गुणिले चोवीस म्हणजे दिवसाला २१६ एमएएच, तेही काहीच न करता.

उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण १ वॉटचं पॅनेल पाच तासांच्या पूर्ण उन्हात ८०० एमएएच देतं. दाट ढगाच्या दिवसाला मी पूर्ण उन्हाचा एकच तास धरतो : १६५. त्यात पॅनेलवर वेलीची सावली आणि फवारणीचा थर असेल तर निम्मे, ७५-८०. रोज १४० ची तूट. ३००० चा सेल तीन आठवड्यांत संपतो. जूनच्या मध्यापासून मोजा, नोड कधी गेला ते कळेल.

तरी लोक रेडिओची पॉवर कमी करत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

धाग्याचा खरा विषय यापुढचा आहे : गळती बंद केल्यावर उरलेली ऊर्जा जाळ्याने कशी वाटायची. आधी वरच्या आकड्यांत चूक असेल तर दाखवा.

ओहमशांती

आकडे बरोबर, पण एक खातं राहिलं. १२ व्होल्टचा माती सेन्सर १० मिलीअँप घेत असेल आणि वाचन स्थिर व्हायला ३ सेकंद लागत असतील, तर बूस्टची घट धरून सेलवर ३८ मिलीअँप गुणिले ३, म्हणजे एका वाचनाला ११५ मिलीअँप-सेकंद. एसएफ १० च्या एका पॅकेटला ४४.५ लागतात. माती विचारायला जेवढं लागतं त्याच्या निम्म्याहून कमी ते सांगायला लागतं. एसएफ ७ ला तर पॅकेट साडेसातचं आणि सेन्सर ११५ चा. नाकापेक्षा मोती जड.

मातीचा ओलावा दर १५ मिनिटांनी बदलत नाही. ठिबक चालू असताना अर्ध्या तासाने, एरवी चार तासांनी पुरतो. सेन्सरची वीज हाय-साइड (प्लसच्या तारेतल्या) पी-चॅनेल मॉसफेटने तोडा. फक्त ग्राउंड तोडलात तर आरएस४८५ च्या ए-बी तारांतून सेन्सर अर्धवट जागा राहतो आणि काही मिलीअँप गळत राहतात. हा दोष मल्टीमीटर लावल्याशिवाय दिसत नाही.

बांधावरून

स्वस्तातले कपॅसिटिव्ह माती सेन्सर वापरणाऱ्यांसाठी : त्यांच्या पीसीबीची कापलेली कड पाणी पिते आणि दोन-तीन महिन्यांत वाचन सरकायला लागतं. कडांना एपॉक्सीचे दोन हात द्या, वरच्या इलेक्ट्रॉनिक्सवर हीटश्रिंक. आणि ५५५ चिपचा प्रकार बघून घ्या. एनई५५५ ला साडेचार व्होल्ट लागतात, ३.३ वर तो भरवशाचा नाही. टीएलसी५५५ हवा.

शून्य_दशांश

मग पर्यायी बोर्ड काय? ईएसपी३२ टाकूनच द्यायचा का?

दवबिंदू

@ओहमशांती, मान्य. सेन्सरचं खातं दिवसाला ३ एमएएच होतं, रेडिओपेक्षा जास्त.

@शून्य_दशांश, वाय-फाय लागत नसेल तर हो. एसटीएम३२डब्ल्यूएल वर आधारलेलं मॉड्यूल घ्या, रेडिओ त्याच चिपमध्ये असतो आणि घड्याळ चालू ठेवून झोप दोनेक मायक्रोअँपची. लिथियम-आयन सेल असेल तर मध्ये एमसीपी१७०० रेग्युलेटर, त्याची स्वतःची भूक १.६ मायक्रोअँप आणि क्षमता २५० मिलीअँप. बॅटरी मोजायचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारे दोन रोध) १ मेगओहम अधिक १ मेगओहम, मधल्या बिंदूवर १०० नॅनोफॅरॅड. कपॅसिटर विसरलात तर एवढ्या मोठ्या रोधातून एडीसीला (चिपमधल्या व्होल्टेज मोजणाऱ्या भागाला) चुकीचं वाचन मिळतं. सगळं धरून झोप ८ मायक्रोअँप, दिवसाला ०.२ एमएएच.

झोप ०.२, एसएफ १० चा रेडिओ १.२, सेन्सर ३.१. पाचाच्या आत. मघाचे २१६ आणि आताचे ५.

मोजमाप

८ मायक्रोअँप मोजणार कशाने? साध्या मल्टीमीटरच्या मायक्रोअँप रेंजमध्ये आतला शंट (प्रवाह मोजायचा रोध) मोठा असतो. नोड जागा होऊन १२० मिलीअँप मागतो, शंटवर सगळा व्होल्टेज पडतो, नोड रीसेट, पुन्हा जागा. लोकांना वाटतं फर्मवेअर बिघडलं. मीटरच्या दोन टोकांमध्ये एक जंपर ठेवा. नोड सुरू होऊन झोपला की जंपर काढा, आकडा वाचा, पुढच्या जागरणाआधी परत लावा. झोपेचा आकडा २० मायक्रोअँपच्या वर दिसला तर आधी न वापरलेल्या पिना बघा : तरंगत्या सोडलेल्या इनपुट पिना आणि सेन्सरची वीज तोडूनही चालू राहिलेले आय-टू-सी तारांचे पुलअप रोध हे नेहमीचे दोन गुन्हेगार.

एसएफ_बारा

एक आडवा प्रश्न. दिवसाला ५ एमएएच लागणार असतील तर सौर कशाला? ईआर३४६१५ हा डी आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल १९ अँप-तासांचा येतो. १९००० भागिले ५ म्हणजे ३८०० दिवस. पॅनेल नको, चार्जर नको, फवारणीचा थर पुसणं नको. अर्धा धागा इथेच संपतो.

ओहमशांती

कागदावर संपतो. त्या सेलमध्ये आत एक पातळ थर साचतो. महिनोन्महिने मायक्रोअँप काढल्यावर अचानक १२० मिलीअँप मागितले की व्होल्टेज क्षणभर कोसळतो. बॉबिन पद्धतीचे सेल असल्या झटक्यासाठी नसतात. सोबत हायब्रिड कपॅसिटर जोडावा लागतो. बंद डब्यात उन्हाळ्यात जे तापमान होतं त्यात सेल्फ-डिस्चार्जही वाढतो, त्यामुळे दहा वर्षं विसरा, चार-पाच धरा. तरीही फक्त पाठवणाऱ्या नोडसाठी तुमचा मुद्दा रास्त आहे. जो नोड दुसऱ्याचं ऐकतो, रिले करतो (दुसऱ्याचं पॅकेट पुढे पाठवतो), व्हॉल्व्ह फिरवतो, त्याला मात्र हा सेल पुरणार नाही.

दवबिंदू

बरोबर, आणि आणखी एक कारण. डेटा केव्हा हवा, हे बागेत सूर्य ठरवत नाही. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) फुटी कोवळ्या असतात तेव्हा डाऊनीचा (केवडा रोगाचा) धोका पान किती तास ओलं राहिलं यावर ठरतो. पान ओलं राहतं ते ढगाळ, भुरभुर पावसाच्या, दवाच्या दिवसांत. म्हणजे ज्या आठवड्यात पॅनेल काहीच देत नाही त्याच आठवड्यात लीफ वेटनेसचं वाचन दहा-दहा मिनिटांनी हवं. उलट त्याच आठवड्यात मातीच्या ओलाव्याला किंमत नाही, पाणी द्यायचंच नाहीये.

ऊर्जेनुसार दर कमी-जास्त करण्याच्या बऱ्याच पद्धतींत "बॅटरी खाली, सगळंच कमी पाठव" एवढंच असतं. इथे ते उलटं पडतं. फर्मवेअरमध्ये प्रत्येक वाचनाला स्वतःची पायरी हवी. लिथियम-आयन सेलसाठी सूर्योदयाआधी, भार नसताना मोजलेल्या व्होल्टेजवर माझ्या पायऱ्या :

३.९ च्या वर : लीफ वेटनेस १० मिनिटांनी, माती अर्ध्या तासाने, तापमान-आर्द्रता १० मिनिटांनी.
३.७ ते ३.९ : लीफ वेटनेस १० मिनिटांनीच, माती चार तासांनी.
३.५ ते ३.७ : माती बंद. लीफ वेटनेस वाचायचा १० मिनिटांनी, पाठवायचा फक्त कोरडं-ओलं बदललं तर, नाहीतर दोन तासांनी एकदा.
३.३५ ते ३.५ : दिवसातून एक पॅकेट, "आहे" एवढंच सांगायला.
त्याखाली : रेडिओ बंद, फक्त घड्याळ.

खाली उतरायला हे आकडे, वर चढायला प्रत्येकात ०.१ व्होल्ट मिळवायचा. ही फट नसेल तर नोड सीमेवर दिवसभर वर-खाली करत बसतो.

सूर्योदयाआधीच का, तर दुपारी चार्जर चालू असताना सेल ४.१ दाखवतो आणि फर्मवेअर उधळपट्टी सुरू करतं. रात्री अकराला परत अंधार.

रानवाट

सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर या पायऱ्या चालणार नाहीत. २० ते ८० टक्क्यांमध्ये त्याचा व्होल्टेज ३.२ ते ३.३ मध्येच लोळत असतो. तिथे आत किती आलं आणि बाहेर किती गेलं ते मोजावं लागतं. बाहेर गेलेलं मोजायला हार्डवेअर नको : पॅकेटची हवेतली वेळ, सेन्सरचे सेकंद आणि झोपेचे तास फर्मवेअरला माहीत असतातच, त्यांना वरच्या आकड्यांनी गुणा. आत आलेल्यासाठी पॅनेलच्या तारेत ०.१ ओहमचा शंट आणि दर दहा मिनिटांनी एक वाचन पुरे.

उन्हाचा अंदाज बांधायची जुनी पद्धत २००७ साली कन्सल, श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी मांडली : दिवसाचे ४८ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात आज मिळालेली ऊर्जा कालपर्यंतच्या सरासरीत मिसळत जायची. त्या अंदाजाएवढाच खर्च करायचा, म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरायचे. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी ठीक. आपल्याकडे मान्सून आल्यावर पहिले तीन दिवस हा अंदाज सपशेल खोटा ठरतो, कारण सरासरीत अजून जूनचं ऊन बसलेलं असतं. २००९ च्या सुधारित पद्धतीत आजची सकाळ मागच्या दिवसांच्या सकाळींशी ताडून दुपारचा अंदाज खाली ओढतात. ती जास्त बरी. पण दिवसाला ५ एमएएच खाणाऱ्या नोडला एवढं गणित लागत नाही, ते रिलेला लागतं.

शून्य_दशांश

एलएफपी थेट एसटीएम३२डब्ल्यूएलला जोडता येतो, रेग्युलेटर वाचतो, असं वाचलंय. खरं का?

रानवाट

येतो, पण चार्जर ३.६ किंवा ३.६५ पर्यंत नेतो आणि चिपची चालू मर्यादा ३.६ आहे. चार्ज ३.४५-३.५ ला थांबवा. क्षमता थोडीशी जाते, चिप वाचते, सेलचं आयुष्य वाढतं. एलएफपी घेण्याचं मोठं कारण उष्णता. लिथियम-आयन ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि काळ्या पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला डबा मे महिन्यात त्याच्या बराच वर जातो. कुठलाही सेल असो, डबा पांढरा घ्या, पॅनेलच्या सावलीत पण त्यापासून चार बोटं मोकळा ठेवा.

एसएफ_बारा

आता जाळ्याकडे. नोड रिकामा होऊन मरतो ते एकवेळ चालेल. ऊन आल्यावर तो उठतो कसा, तिथे खरी लूट आहे.

नोड रात्री ब्राउनआउटमध्ये गेला, म्हणजे व्होल्टेज कमी पडून बंद झाला. सकाळी पॅनेल ३० मिलीअँप द्यायला लागतं, चिप जागी होते. सेशन (जाळ्याशी झालेली ओळख आणि तिच्या किल्ल्या) रॅममध्ये होतं, ते गेलं. म्हणून नवा जॉइन, म्हणजे जाळ्यात शिरायची नवी विनंती. जॉइन रिक्वेस्टही २३ बाइटांचीच, एसएफ १२ ला दीड सेकंद १२० मिलीअँप. सेलमध्ये दम नाही, व्होल्टेज बसतो, रीसेट, पुन्हा जॉइन. आणि आवारातले बाकीचे वीस नोडही त्याच उन्हाने त्याच पाच मिनिटांत उठलेले असतात. सगळे एकमेकांवर ओरडतात, कुणाचंच गेटवेला (नोडांची पॅकेट घेऊन सर्व्हरला देणाऱ्या यंत्राला) ऐकू जात नाही. दुष्काळात तेरावा महिना.

हौशी कोडमध्ये जॉइन फसला की दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न असतो. तासाला ३६० प्रयत्न, जवळपास १८ एमएएच. चांगल्या नोडचा तीन-चार दिवसांचा शिधा एका तासात. लोरावॅनच्या नियमात पहिल्या तासात एकूण ३६ सेकंदच हवेत राहायची मुभा आहे, म्हणजे एसएफ १२ चे २४ प्रयत्न, पुढच्या दहा तासांत मिळून आणखी ३६ सेकंद, आणि नंतर दर २४ तासांना ८.७ सेकंद. हा नियम पाळणारा स्टॅक (लोरावॅनचं तयार सॉफ्टवेअर) वापरा, अर्धं दुखणं जातं.

उरलेलं अर्धं :
सेशनच्या किल्ल्या आणि फ्रेम काउंटर (पॅकेटांचा चढता क्रमांक) फ्लॅशमध्ये ठेवा. प्रत्येक पॅकेटला लिहिलं तर फ्लॅशची दहा हजार वेळांची मर्यादा दिवसाला ९६ च्या हिशेबाने साडेतीन महिन्यांत संपते. म्हणून दर ५० पॅकेटांनी लिहा आणि उठल्यावर वाचलेल्या आकड्यात ५० मिळवून पुढे जा. सर्व्हरला काउंटर पुढे गेलेला चालतो, मागे आलेला चालत नाही.
डेव्हनॉन्सही (जॉइनच्या विनंतीतला एकदाच वापरायचा आकडा) तिथेच ठेवा, नाहीतर जुनाच आकडा परत जातो आणि सर्व्हर जॉइन नाकारतो.
उठल्यावर व्होल्टेज ३.५५ च्या वर असल्याशिवाय रेडिओला हात लावू नका. आणि पहिल्या पॅकेटआधी शून्य ते तीस मिनिटांमधला यादृच्छिक थांबा, बीज म्हणून चिपचा स्वतःचा क्रमांक.

मोजमाप

"मोठा कपॅसिटर लावला की ब्राउनआउट जातो" असं पुढे कुणी म्हणेल, म्हणून आधीच : १२० मिलीअँप दीड सेकंद आणि ०.३ व्होल्टची घसरण चालणार असेल तर ०.६ फॅरॅड लागतो. ४७० मायक्रोफॅरॅडने फक्त रेडिओ चालू होतानाचा पहिला झटका झेलला जातो. तोही लावाच, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

बांधावरून

कन्फर्म्ड (पोच मागणाऱ्या) पॅकेटबद्दल कुणी बोललं नाही. गेटवे बंद पडला की कन्फर्म्ड नोड उत्तर न मिळाल्याने एकच पॅकेट आठ-आठ वेळा पाठवतो, मधे डेटा रेट खाली आणत (म्हणजे एसएफ वाढवत). गेटवेचा आजार नोडांना लागतो. अनकन्फर्म्ड ठेवा, दिवसातून एकदा लिंक चेक (संपर्क आहे का याचं उत्तर) मागा, वाचनं फ्लॅशमध्ये ठेवून मागाहून भरा.

आणि गेटवे शेतीपंपाच्या फीडरवर लावू नका, तिथे वीज दिवसातून काही तासच असते. घराची, गावठाण फीडरची लाइन घ्या. चार वॉटच्या गेटवेला १२ व्होल्ट ७ अँप-तासांची बॅटरी निम्मी वापरली तर दहा तास पुरते. सौरावर चालवायचाच तर चार वॉट गुणिले चोवीस म्हणजे ९६ वॉट-तास रोज, पावसाळा धरून शंभर वॉटच्या खालचं पॅनेल सांगणार नाही.

दवबिंदू

गेटवेचाच मुद्दा पुढे नेतो. नोडांची ऊर्जा वाचवायची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे गेटवेचा खांब.

८६६ मेगाहर्ट्झला एक किलोमीटर अंतरावर मधोमध फ्रेनेल वर्तुळाची (रेडिओलहरी पसरतात त्या जागेची) त्रिज्या ९.३ मीटर येते. त्यातली ६० टक्के, साडेपाच मीटर, मोकळी हवी. नोडचा अँटेना ३ मीटरवर, गेटवे १२ मीटरवर, तर मधोमध रेषा साडेसात मीटरवर. वेलीचा मांडव २ मीटर वजा करा, साडेपाच उरले. काठावर पास. तोच गेटवे पंपघराच्या छपरावर ४ मीटरला लावला तर दीड मीटर उरतो.

एसएफची एक पायरी म्हणजे साधारण अडीच डेसिबल. खांब वाढवून ५ डेसिबल मिळाले तर नोड एसएफ ९ वरून ७ वर येतो, हवेतली वेळ २०६ वरून ६२. एका लोखंडी पाइपाने सगळ्या नोडांचा रेडिओ-खर्च तिसऱ्या हिश्शावर. नोडचा पाव तरंगलांबीचा अँटेना साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटरचा असतो, तो मांडवाच्या तारांच्या वर काढा. तारेला समांतर चिकटून बसला की सगळं गणित वाया.

आता एडीआर, म्हणजे डेटा रेट आपोआप जुळवणं. सर्व्हर साधारण शेवटच्या २० पॅकेटांतला सर्वांत चांगला सिग्नल बघून डेटा रेट ठरवतो. छाटणीनंतर बाग उघडी असते, सगळे नोड एसएफ ७ ला जातात. महिना-दीड महिन्यात पानं भरतात, पाऊस पडतो, सिग्नल काही डेसिबलने खाली येतो. नोडला हे कधी कळतं? ६४ पॅकेट उत्तराविना गेली की तो विचारतो, आणखी ३२ वाट बघतो, मग एक पायरी खाली. १५ मिनिटांच्या दराने ९६ पॅकेट म्हणजे पूर्ण एक दिवस. ऊर्जा वाचवायला दर तासावर नेला असेल तर चार दिवस! म्हणजे दर कमी केला की जाळं आंधळंही होतं. म्हणून सर्व्हरवर एडीआरचं मार्जिन १० ऐवजी १५ डेसिबल ठेवा, आणि व्होल्टेजच्या खालच्या पायऱ्यांवरच्या नोडला एडीआरमधून काढून एसएफ ९ ला बांधून टाका.

शून्य_दशांश

चार वाचनं साठवून एकदम पाठवली तर किती वाचतं?

एसएफ_बारा

एसएफ १० ला चार वेगळी पॅकेट १४८३ मिलिसेकंद, ४० बाइटांचं एक पॅकेट ६१६. निम्म्याहून कमी. आपल्या पट्ट्यात एसएफ १० ला ५१ बाइटांची मर्यादा आहे, त्यात बसतं. माती-तापमानासाठी जरूर करा, लीफ वेटनेस बदलला तर लगेच पाठवा.

रानवाट

टेकडीमागच्या प्लॉटचं काय? तिथून थेट गेटवेशी संपर्क होत नाही, मध्ये रिले लागतो. सतत ऐकत बसणारा रिले ५ मिलीअँप घेतो, दिवसाला १२०. साध्या नोडच्या चोवीसपट. पावसाळ्यात पहिला तोच जातो आणि मागचे सगळे घेऊन जातो.

उपाय म्हणजे झोपून ऐकणं. रिले दर सेकंदाला दहा-पंधरा मिलिसेकंद जागा होऊन हवेत प्रीअँबल (पॅकेटच्या सुरुवातीची खूण) आहे का एवढंच बघतो. एका वेळेला ०.१ मिलीअँप-सेकंद धरा, दिवसाचे ८६४०० वेळा, एकूण २.४ एमएएच. १२० चे २.४. बदल्यात पाठवणाऱ्याला पहिल्यांदा सेकंदभर लांब प्रीअँबल द्यावा लागतो, नंतर वेळ जुळली की आखूड. लोरावॅनच्या २०२२ च्या रिले तपशिलात हीच पद्धत आहे, दर २० मिलिसेकंदांपासून एका सेकंदापर्यंत निवडता येतो. बागेसाठी एक सेकंद.

रिले कोण, हे सिग्नलवर ठरवू नका. सिग्नल उत्तम पण आंब्याखाली असलेला नोड रिले केला तर दोन आठवडे टिकतो. आयपी-आधारित मेश (नोडांनी एकमेकांमार्फत पाठवायचं जाळं) करणाऱ्यांसाठी, आरपीएल या राउटिंग पद्धतीच्या मापकांत (आरएफसी ६५५१) नोड विजेवर, बॅटरीवर की ऊर्जा गोळा करणारा, हे सांगायची सोय २०१२ पासून आहे. गोळा करणाऱ्याने मिळकत भागिले खर्च कळवायचा. फार थोडे स्टॅक ते भरतात.

भरलात तर एक खड्डा आहे. ढग आला की मिळकत घसरते, शेजारी नोड पालक (ज्याच्यामार्फत पाठवायचं तो नोड) बदलतात, त्याने ट्रिकल टायमर (नियंत्रणाच्या पॅकेटांमधलं अंतर ठरवणारा) रीसेट होऊन नियंत्रणाच्या पॅकेटांचा पूर येतो. ढग गेला की पुन्हा तेच. ऊर्जा वाचवायला लावलेलं राउटिंगच ऊर्जा खातं. मिळकतीचा आकडा तीन दिवसांची सरासरी म्हणून कळवा, आणि नवा पालक किमान २० टक्क्यांनी चांगला असल्याशिवाय बदलू नका.

ओहमशांती

याच तर्काने राखणदारही फिरता ठेवता येतो. एका प्लॉटमधल्या आठ नोडांचे लीफ वेटनेस दहा-दहा मिनिटांनी नकोतच, दोन पुरतात. सर्व्हर रोज पहाटे सगळ्यांचं व्होल्टेज बघून वरचे दोन निवडतो आणि त्यांच्या पुढच्या अपलिंकनंतर (नोडने पाठवल्यावर) डाउनलिंकने (नोडकडे येणाऱ्या पॅकेटने) सांगतो : आज तुम्ही दहा मिनिटांनी, बाकी दोन तासांनी. क्लास ए नोड फक्त स्वतः पाठवल्यावरच ऐकतो, म्हणून हुकूम पोचायला दोन तास लागू शकतात. तेवढं गृहीत धरा. हुकुमाला ३६ तासांची मुदत घाला, म्हणजे गेटवे गेला तरी तोच नोड आठवडाभर राबत राहणार नाही. एक प्लॉट म्हणजे एकसारखं सूक्ष्म हवामान असेल तरच हे करा. नाल्याकाठची ओळ वेगळी धरा, तिथे दव आधी पडतं.

बांधावरून

अवांतर वाटेल, पण पॅनेल. ब्लोअरने बोर्डो आणि गंधकाची फवारणी झाली की काचेवर पांढरट-निळसर थर बसतो. तो नुसत्या पावसाने पूर्ण जात नाही. ओल्या फडक्याने, वाटल्यास पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, घासणी नको. एपॉक्सीचा थर असलेली छोटी पॅनेल दोन उन्हाळ्यांत पिवळी पडतात, काचेची घ्या. पॅनेल मांडवाच्या किमान दीड फूट वर हवं. छोट्या पॅनेलमधले सगळे सेल एका माळेत असतात, एका सेलवर एक पान आडवं आलं तरी सगळ्या माळेचा प्रवाह त्या पानाएवढा होतो.

शून्य_दशांश

तिरपं किती अंश? कुणी ३५ म्हणतं.

बांधावरून

नाशिक २० अंश अक्षांशावर. दक्षिणेला १५ अंश ठेवा. पावसाळ्यात उजेड सगळ्या आकाशातून येतो, पॅनेल जितकं सपाट तितकं जास्त आकाश त्याला दिसतं. अगदी सपाट केलं तर खालच्या कडेला चिखल साचतो आणि नेमका शेवटचा सेल झाकला जातो. ३५ ला डिसेंबरात थोडं जास्त मिळेल, पण डिसेंबरात ऊर्जा कमी पडतेच कुणाला?